नवऱ्याबरोबरचा नाच



'नच बलिये'चं पहिलं पर्व 'स्टार वन' वाहिनीवर सुरू झालं ते 2005 च्या ऑक्टोबरात. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून महाराष्ट्रात डान्स बारवरची बंदी अंमलात आली होती. मधे जेमतेम दोन महिने. दोन्हीकडे नाचणाऱ्या बायका होत्या आणि दोन्हीकडे नाच हेच त्यांच्या कमाईचं काम होतं. वीस वर्षं उलटून गेल्यावर या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला वाटतं.

आधी टीव्हीचं. मालिकांतल्या कलाकारांच्या दहा जोड्या, खऱ्या आयुष्यातल्या. परीक्षक सरोज खान, मलायका अरोरा आणि फरहान अख्तर. नाचाबरोबर त्यांच्या संसाराच्या, लटक्या भांडणांच्या गप्पा. प्रेक्षकांनी मोबाइलवरून एसेमेस करून मतं द्यायची. डिसेंबरात सचिन आणि सुप्रिया पिळगावकर जिंकले, आणि मराठी घरांत कोण आनंद झाला! मलाही झाला. 'नवरी मिळे नवऱ्याला'पासून ओळखीची सुप्रिया, वयात आलेल्या मुलीची आई, इतक्या मोकळेपणानं नाचते हे पाहणं सुखाचंच होतं. लग्नानंतर घुंगरं माळ्यावर टाकावी लागलेल्या कितीतरी जणी आपल्या गटांत आहेत. त्यांना ते का आवडलं असेल, हे सांगायला नको.

पण तिथं शिरायची अट होती जोडीची. नवरा किंवा होणारा नवरा शेजारी असला की बाईची उघडी पाठ, कमरेचा ठेका, डोळ्यांतला इशारा, सगळं आजेसासूंसकट घरानं बसून बघण्याजोगं होतं. कारण तिचा मालक तिथंच उभा असतो ना! त्याची परवानगी गृहीतच असते.

बारमध्येही हिंदी चित्रपटांचीच गाणी वाजत. ज्या सरोज खान परीक्षकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, त्या स्वतः लहान वयात चित्रपटांत मागच्या रांगेत नाचून पोट भरणाऱ्या. त्यांनीच 'तेजाब'मध्ये माधुरीला नाचवलं आणि देशभरच्या पोरींनी ती पावलं गिरवली. बारमधल्या मुलींनीही गिरवली. फरक एवढाच, की बारमधल्या मुलीशेजारी नवरा नव्हता आणि समोरच्या पुरुषाच्या हातात मोबाइलऐवजी नोटा होत्या. (एसेमेसलाही पैसे पडत, पण ते नाचणारीच्या हाती येत नसत.)

बंदीच्या वेळी आर. आर. पाटील गृहमंत्री होते. तरुण पिढी बिघडते, संसार मोडतात, असं सांगून मुंबई पोलीस कायद्यात 33अ हे कलम घातलं गेलं. त्याच्या पाठोपाठ 33ब आलं, ते मात्र फार बोलकं आहे. तीन तारांकित आणि त्याहून वरच्या हॉटेलांना, सभासदांच्या क्लबांना, जिमखान्यांना सूट! म्हणजे पैसेवाल्याच्या नजरेनं संस्कृती बुडत नाही. उच्च न्यायालयानं 12 एप्रिल 2006 ला ही बंदी घटनाबाह्य ठरवली, पण स्थगितीमुळे बार बंदच राहिले. 16 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं तोच निकाल कायम केला. मग 2014 मध्ये सरकारनं पंचतारांकितांची सूटही काढून टाकली आणि बंदी पुन्हा आणली. समता आणली म्हणायची!

सर्वांत अवघड भाग आपल्या चळवळीचा आहे. फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन आणि एसएनडीटीचं स्त्री-अभ्यास केंद्र यांनी 500 बारबालांशी बोलून अहवाल तयार केला. त्यातल्या अनेकजणी नाचगाण्यावर जगणाऱ्या पारंपरिक जमातींतल्या होत्या, घरच्या मुख्य कमावत्या होत्या. वर्षा काळे यांच्या युनियननं या बायकांना मोर्च्यात उतरवलं. दुसरीकडे, दलित स्त्रीवादी मैत्रिणींसह अनेकींचं म्हणणं होतं की जातीनं ज्यांच्या पायात चाळ बांधले त्यांच्या नाचाला 'निवड' म्हणणं ही फसवणूक आहे. हा आक्षेप खरा आहे. तो बाजूला सारून बारच्या बाजूनं बोलणं मला कधीच पटलेलं नाही.

पण बंदीनं जात कुठं सोडवली? पायातले चाळ तेवढे काढून घेतले आणि हातातली भाकरीही. पर्यायी कामाची सोय आधी कुणी केली नव्हती. 75,000 हून जास्त बायका बेकार झाल्या, त्यातल्या कित्येकींना नाइलाजानं शरीरविक्रयाकडे वळावं लागलं, हे सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलं गेलं आणि 2013 च्या निकालात त्याची नोंदही आहे. संगीतबारीत फडावर पडते ती दौलतजादा आपली परंपरा, बारमध्ये उधळले तर मात्र अश्लीलता. आणि जोडीनं नाचून बक्षीस घेतलं तर कौतुक. जातीचा प्रश्न गंभीरपणे घेणारीनं हे तीन भाव कुणासाठी ठरलेत तेही पाहायला हवं.

2016 च्या नव्या कायद्यातल्या पुष्कळ अटी सर्वोच्च न्यायालयानं 17 जानेवारी 2019 ला रद्द केल्या. नोटा उधळायला मनाई राहिली, पण टीप हातात देता येते. नाचणारीशी लेखी करार हवा आणि मोबदला तिच्या बँक खात्यात जमा व्हावा, हेही न्यायालयानं ठेवलं. आपल्या कामाला ही एक ओळ फार उपयोगाची आहे. लावणीच्या थिएटरात, ऑर्केस्ट्रा बारमध्ये, लग्नाच्या संगीताला, टीव्हीच्या स्पर्धेत मुख्य जोडीच्या मागे नाचणाऱ्या मुलींमध्ये, कुठंही गेलात तर एवढं विचारा: कराराचा कागद तिनं पाहिलाय का? पासबुक कुणाच्या कपाटात असतं? रात्री उशिरा घरी सोडायची जबाबदारी कुणाची? तालीम मोजली जाते की नुसता प्रयोग?

उत्तरं लिहून पाठवा, नावं न घालता. पुढच्या अंकाची चार पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.