न्यू नॉर्सिया : मठाची घंटा आणि दप्तरातली नावे

संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी ऑस्ट्रेलियाने जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय भरपाई योजना सुरू केली. तिच्यात अर्ज करण्याची मुदत ३० जून २०२७ रोजी संपते आहे. ती जवळ येत असताना पर्थच्या उत्तरेस सुमारे १३२ किलोमीटरवरील न्यू नॉर्सियाकडे पुन्हा पाहणे भाग आहे. ब्रिटिश वसाहतीत स्पॅनिश बेनेडिक्टाईन संन्याशांनी वसवलेले हे देशातील एकमेव मठनगर. पर्यटक तिथे पाव, ऑलिव्ह तेल आणि चित्रसंग्रहासाठी जातात.

पैसे संपले तेव्हा रोसेंदो साल्वादो यांनी मे १८४६ मध्ये पर्थला पियानोवादन करून निधी जमवला. १ मार्च १८४७ रोजी पायाभरणी झाली. यूएद नूंगार लोकांच्या या भूमीवर मग दिवस घंटेने बांधला गेला : प्रार्थना, गव्हाची शेते, मेंढ्या, पुन्हा प्रार्थना. विवाहित आदिवासी जोडप्यांना घरे मिळाली. १८७०च्या दशकात मेरी एलन क्यूपर ही आदिवासी स्त्री तिथले तारघर सांभाळत होती. मिशनचा आदिवासी क्रिकेट संघ सामन्यांसाठी पर्थपर्यंत चालत जाई. (क्रिकेटवेड्या आपल्या वाचकांना हा संघ ठाऊक असायला हवा होता.)

त्यामुळे साल्वादो इतर वसाहतवाद्यांहून सहृदय होते, असे नेहमी सांगितले जाते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण त्या काळाचा मापदंडच इतका खुजा होता की या तुलनेने फारसे काही सिद्ध होत नाही. १८४९ मध्ये त्यांनी युरोपला नेलेल्या दोन मुलांपैकी फ्रान्सिस झेवियर कोनाची १८५३ मध्ये रोममध्येच वारला; जॉन दिरिमेरा मायदेशी परतला आणि १८५५ मध्ये गेला. दोघांनाही संन्यासी व्हायचे होते.

साल्वादो १९०० मध्ये निवर्तले. १९०५च्या कायद्याने सरकारी ‘मुख्य संरक्षक’ सोळा वर्षांखालील आदिवासी मुलांचा कायदेशीर पालक झाला आणि आईबापांचा हक्क उरला नाही. गोऱ्या मुलांसाठी देखणी महाविद्यालये उभी राहिली. आदिवासी मुले अनाथाश्रमांत वाढली, यांतल्या अनेकांचे आईबाप हयात असूनही. मुलींचा सेंट जोसेफ आश्रम १९७४ पर्यंत चालला.

२०१७ मध्ये शाही आयोगाने आकडे मांडले : १९५० ते २०१० या काळात या मठातील २१.५ टक्के पुरोहितांवर बाललैंगिक अत्याचाराचे आरोप झाले होते. हे आरोप आहेत, न्यायालयीन निवाडे नव्हेत. तरीही कॅथलिक संस्थांमधील हे अत्यंत वरचे प्रमाण होते.

मठाने मात्र दप्तर नेटके राखले. वंशावळ शोधणारी नूंगार कुटुंबे आज त्याच मठाच्या अभिलेखागारात आजी-पणजीची नावे शोधतात. ज्यांनी कुटुंबे विलग केली, पुरावाही त्यांच्याच कपाटात. भरपाईची मुदत तारखेने संपेल; हे दप्तर कोणासाठी, किती आणि कोणाच्या परवानगीने उघडायचे, हा प्रश्न त्यानंतरही मठासमोर उभा असेल.