पाखराच्या तीस मिलिलिटर रक्ताचा प्रश्न

संक्रांतीला तिळगूळ वाटायचा, गोड बोलायचे आणि त्याच हाताने आकाशात सुरी सोडायची, हा कसला सण? राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली ती ११ जुलै २०१७ रोजी. तरीही तो विकला जातो, हे दर जानेवारीत पकडल्या जाणाऱ्या मालावरूनच सिद्ध होते. वाशीच्या गच्च्यांवरून पतंग खाली येतात, मांजा मात्र झाडांत आणि तारांत लोंबकळत राहतो आणि घारी, बगळे, कबुतरे त्यात सापडतात.

बंदीच्या अंमलाविषयी आम्ही पुन्हा लिहूच. आज प्रश्न आहे तो जखमी होऊन खाली पडलेल्या पाखराचा. तीनशे ग्रॅमच्या कबुतराच्या अंगात रक्त असते ते सुमारे तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे! आपल्या रुमालाला जो डाग वाटावा, तो त्याचा प्राण असू शकतो. पक्षी तसा चिवट. रक्त गेले की ऊतींमधले पाणी तो झपाट्याने रक्तवाहिन्यांत ओढून घेतो आणि बरोबरीच्या सस्तन प्राण्याहून अधिक काळ तग धरतो. पण ही पुंजी संपण्यापूर्वी बाहेरून भर घालणारा कोणी हवा.

आणि येथेच दयाळू माणसाच्या हातून घात होतो. तो पाण्याची वाटी घेऊन धावतो आणि निपचित पाखराच्या चोचीत बळेच पाणी ओततो. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते. पाणी थेट आत उतरते आणि उपकाराचा अपकार होतो. त्वचेखाली सलाईन टोचूनही अशा वेळी भागत नाही, कारण शरीराने त्वचेकडचा रक्तप्रवाह आखडता घेतलेला असतो. द्रव शिरेतूनच द्यावा लागतो आणि शीर आक्रसून सापडेनाशी झाली, तर हाडातून. होय, हाडातून! पंखातील अल्ना या हाडात किंवा नडगीच्या हाडात बारीक सुई बसवली की मज्जेतून द्रव रक्तात मिसळतो. दंडाचे आणि मांडीचे हाड मात्र वर्ज्य. तेथे वायुकोश शिरलेले असू शकतात आणि मग औषधानेच पक्षी बुडायचा. द्रव म्हणजे आपल्या परिचयाचे रिंगर लॅक्टेट. पक्ष्याचे अंग चाळीस अंशांहून उष्ण, म्हणून ते कोमट करून द्यायचे. मात्रा किलोमागे दहा मिलिलिटर, म्हणजे कबुतराला तीन, तीही सावकाश आणि प्रकृती पाहून पुन्हा.

हे काम जाणत्या पशुवैद्याचे. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात असे पक्षी नेले जातात. पण वाशीत पडलेले पाखरू खाडीपूल ओलांडेपर्यंत वाट पाहील काय? ज्या ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा मान मिळाला, तिच्या काठी वसलेल्या नगरीने रोहित पक्ष्यांची केवळ चित्रे रंगवून समाधान मानू नये. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक विभाग कार्यालयाच्या हद्दीत पक्ष्यांचे उपचार जाणणारा एक पशुवैद्य, कोमट द्रव आणि बारीक सुया हजर असाव्यात, ही आमची मागणी आहे.

नागरिकांनी तोवर एवढेच करावे: मांजा ओढू नये, कात्रीने कापावा, जखम स्वच्छ फडक्याने दाबून धरावी, पाखराला भोके पाडलेल्या खोक्यात, उबेत आणि अंधारात ठेवावे आणि तडक वैद्याकडे न्यावे. तो वैद्य कोठे भेटेल, हे महापालिका आयुक्तांनी येत्या संक्रांतीपूर्वी पत्त्यांसह जाहीर करावे.