आडवाटेने अलेक्झांड्रियाला

साहित्याच्या अध्यापकवर्गात एक मत फार रूढ आहे. विद्यार्थ्याने अभिजात कृतीकडे यावे ते वाङ्मयेतिहासाच्या राजमार्गाने. गाण्याच्या नादाने आला तर त्याचे येणे हलक्या प्रतीचे. हे मत कोणी लिहून मांडत नाही, ते वर्गातल्या एका मंद स्मितात असते. गंमत अशी की हे स्मित मराठीच्या वर्गातही उमटते. म्हणजे अशा भाषेच्या वर्गात, जिथे छापील गाथा हाती येण्याआधी दोन शतके लोकांना तुकोबा भेटत राहिले ते कीर्तनात आणि वारीत, कानावाटे!

या मताचा जो प्रतिवाद नेहमी केला जातो तो मला मूळ मताहून वाईट वाटतो. गाणे हे आमिष आहे, तरुणांना आधी गाणे ऐकवावे आणि मग हळूच कविता पुढे करावी, असे उदारमतवादी अध्यापक म्हणतात. म्हणजे कविता हे कडू औषध आणि गाणे ही साखर. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : गाणे स्वतः काही वाचत नाही. माझा आक्षेप नेमका या गृहीताला आहे.

लेनर्ड कोहेनचे उदाहरण घेऊ. हा मॉन्ट्रियलचा कवी गायक होण्याआधी दहाएक वर्षे कविता छापत होता. लोर्काच्या कवितेने तो पौगंडावस्थेतच झपाटला गेला आणि पुढे मुलीचे नावही त्याने लोर्काच ठेवले. 'टेक धिस वॉल्ट्झ' या गाण्याच्या रूपाने त्याने लोर्काची एक कविता इंग्रजीत आणली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मला बोलायचे आहे ते २००१ च्या 'टेन न्यू साँग्ज'मधल्या 'अलेक्झांड्रा लीव्हिंग' या गाण्याविषयी. शॅरन रॉबिन्सनच्या साथीने रचलेले हे गाणे. (त्याआधीच्या एकदोन वर्षांत कोहेन मुंबईत रमेश बाळसेकरांकडे अद्वैत ऐकायला येत असे. गाण्यातल्या निरोपाच्या समंजसपणाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा.)

गाण्यात एक स्त्री रात्री सोडून जाते आहे आणि मागे राहणाऱ्याला सांगितले जाते की हे स्वप्न होते असे म्हणून स्वतःला फसवू नकोस. ऐकणाऱ्याला वाटते, हे विरहगीत. पण गाण्याची चौकट कवाफीची आहे. अलेक्झांड्रियातल्या सिंचन खात्यात कारकुनी करणाऱ्या या ग्रीक कवीने १९११ मध्ये 'देव अँटनीला सोडून जातो' या आशयाच्या शीर्षकाची एक छोटी कविता प्रसिद्ध केली. तिथे खिडकीशी उभ्या माणसाला मध्यरात्री एक अदृश्य मिरवणूक जाताना ऐकू येते आणि त्याला बजावले जाते : रडू नकोस, नीट ऐक, जी तुझ्या हातून निसटते आहे त्या अलेक्झांड्रियाचा निरोप घे. कोहेनने नगरीची स्त्री केली. अलेक्झांड्रियाची अलेक्झांड्रा.

इथे राजमार्गी समीक्षक हसतो. एका संस्कृतीचा अस्त होता, त्याचा प्रेमभंग झाला! आक्षेपात तथ्य आहे. गाणे कवितेहून लहान आहे; साम्राज्य गमावण्याची त्यातली धग कोहेनपाशी उरत नाही. पण आता कवाफीची कविता पुन्हा वाचा आणि तिच्यात क्लिओपात्रा शोधा. ती नाही. अँटनीचे नावसुद्धा शीर्षकापुरतेच. ज्या कथेचा प्राण एक स्त्री, त्या कथेतून कवाफीने स्त्रीला पूर्ण वगळले आणि प्रेयसीच्या जागी आपले शहर ठेवले. कोहेनने शहर काढून स्त्री परत आणली. हे सवंगीकरण म्हणायचे की कवाफीने काय वगळले होते ते अचूक हेरणारे वाचन? ज्याने गाणे आधी ऐकले आहे त्याला कवितेतली ही रिकामी जागा पहिल्या वाचनातच जाणवते. ज्याने टीपांसह कविता वाचली त्याला टीपेनेच क्लिओपात्रा पुरवलेली असते, त्यामुळे ती कवितेत नाही हे ध्यानातच येत नाही.

याच वाटेने आणखी मागे गेले की प्लुटार्क लागतो. त्याच्या अँटनी-चरित्रात, ऑक्टेव्हियन वेशीबाहेर तळ देऊन असताना, भयाने निपचित पडलेल्या नगरीतून मध्यरात्री वाद्यांचा आणि नाचणाऱ्या जमावाचा गलबला शत्रूकडच्या दरवाजाने बाहेर पडतो. लोकांनी अर्थ लावला, की अँटनी ज्याच्यासारखा होऊ पाहत होता तो देव, डायोनिसस, त्याला सोडून गेला. टॉमस नॉर्थने १५७९ मध्ये केलेल्या प्लुटार्कच्या इंग्रजी भाषांतरातून हा प्रसंग शेक्सपिअरला मिळाला आणि 'अँटनी अँड क्लिओपात्रा'च्या चौथ्या अंकात त्याने तो पहाऱ्यावरच्या साध्या शिपायांच्या तोंडी दिला. त्यांना रंगमंचाखालून, जमिनीच्या पोटातून, संगीत ऐकू येते. आणि एक शिपाई म्हणतो की हा हर्क्युलिस निघाला.

डायोनिससचा हर्क्युलिस का झाला? अँटनी आपले कूळ हर्क्युलिसपासून सांगत असे हे प्लुटार्कच नोंदवतो, तेव्हा कारण सापडते. मद्य आणि उन्माद यांचा देव गेला तर अँटनीचे विलास संपले. बळाचा देव गेला तर त्याचे शौर्य संपले. शेक्सपिअरने अँटनीची शोकांतिका कुठे पाहिली हे या एका अदलाबदलीत दिसते. आणि जो शेक्सपिअरने देव बदलल्याबद्दल तक्रार करत नाही, त्याला कोहेनने शहर बदलल्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार कोणी दिला?

या चौघांत एकच गोष्ट अबाधित राहिली आहे. कोणालाही काही दिसत नाही. सगळे ऐकू येते. प्लुटार्कचे नगरवासी, शेक्सपिअरचे शिपाई, कवाफीचा खिडकीतला माणूस, सारे अंधारात कान देऊन उभे आहेत. अभ्यासक्रमात मात्र ही कविता शिकवली जाते ती 'इतिहास आणि मिथक' या सदरात, छापील पानावर, मूकपणे. हेडफोन लावून तिच्याशी येऊन पोचलेला मुलगा मागच्या बाकावर असतो, आणि त्याला आपण सांगतो की आधी ते कानातले काढ.