'तयार' संगणक तयार कोण करतं?

'विंडोज घेतलं की काम सुरू. लिनक्स म्हणजे इंजिनिअरांचं खूळ,' हे मत घरोघरी ऐकू येतं. काम सुरू होतं हे खरं, पण त्याचं श्रेय विंडोजचं नाही. ती तयारी दुकानदाराने केलेली असते, नाहीतर भाच्याने. प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी टायपिंग, ऑफिस सगळं त्यांनी भरून दिलेलं असतं. (त्या ऑफिसचा परवाना कुठून आला, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.)

तुलना करायचीच तर कोऱ्या यंत्रावर करा. विंडोज ११ होम सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. आत शिरल्यावर पूर्ण वर्ड-एक्सेल हवं तर वेगळे पैसे मोजायचे. लिनक्सच्या 'मिंट' या आवृत्तीत लिबरऑफिस सोबतच येतं. शिवाय मिंट आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात की नाही ते हार्डडिस्कला हात न लावता कळतं.

'मग मॅक घ्या ना!' मॅक खरोखरच तयार येतो, पेजेस आणि नंबर्ससकट. फक्त यंत्रही ॲपलचंच घ्यावं लागतं. आणि विंडोजवर वापरलेली एनटीएफएस हार्डडिस्क त्याला जोडली, तर जुने फोटो दिसतात, पण नवे तिच्यात टाकता येत नाहीत.

जुन्या यंत्रांचा प्रश्न याहून टोकदार आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट लॅपटॉपही अधिकृतपणे बाद! त्यातल्या बहुतेकांवर मिंट निवांत चालतं.

मिंटच्या उणिवा लपवायचं कारण नाही. मराठीत विंडोजच पुढे आहे: भाषा जोडली की फोनेटिक कळफलक मिळतो. मिंटमध्ये इनस्क्रिप्ट सहज सापडतो; रोमन अक्षरांतून मराठी उमटवायचं तर वेगळं पॅकेज बसवावं लागतं. कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर चालवणं तर डोकेदुखीच. घरी टॅली चालवणाऱ्यांनी आणि व्हॅलोरंट खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी विंडोजच ठेवावं. पण वीजबिल, बँक, यूट्यूब आणि चार पत्रं एवढ्यावर ज्या घराचा संगणक चालतो, तिथे जवळजवळ सगळं ब्राउझरमध्येच घडतं. अशा घराने विंडोजसाठी नवा लॅपटॉप का घ्यावा?