विश्लेषण : पुण्यातून गेलेले गोलकीपर चॅम्पियन झाले, पुण्याच्या हाती काय राहिले?

१४ मार्च २०२० आणि १३ मार्च २०२१. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) या दोन फायनल गोव्यात, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर झाल्या. कोरोनामुळे दोन्ही वेळा स्टेडियम रिकामे होते. पहिल्या फायनलमध्ये एका टोकाला एटीकेचा अरिंदम भट्टाचार्य होता, दुसऱ्या टोकाला चेन्नईयनचा विशाल कैथ. पुढच्या वर्षी एटीके मोहन बागानच्या गोलमध्ये पुन्हा अरिंदम आणि समोर मुंबई सिटीचा कर्णधार अमरिंदर सिंग.

हे तिघेही आधी पुण्याच्या क्लबकडे होते. या दोन्ही फायनलच्या वेळी पुण्याचा संघ मात्र लीगमध्येच नव्हता. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल का? गोलकीपरचे करिअर कसे घडते हे पाहिले, तर उत्तर ‘नाही’ असेच येते.

कोण कुठून आले, कुठे गेले?

अमरिंदर पंजाबातल्या माहिलपूरचा. पुणे एफसीच्या अकादमीतून तो याच क्लबच्या सीनियर संघात आला. पुढे बेंगळुरू एफसी आणि मग मुंबई सिटी. २०१६ मध्ये त्याला आयएसएलचा ‘गोल्डन ग्लोव्ह’, म्हणजे सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कार मिळाला. २०२०-२१ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने लीग शील्ड आणि आयएसएल ट्रॉफी दोन्ही जिंकल्या.

विशाल कैथ हिमाचलच्या रोहरूचा. २०१७ मध्ये तो शिलाँग लाजाँगमधून एफसी पुणे सिटीत आला. त्याच मोसमात पुण्याने पहिल्यांदा सेमीफायनल गाठली. बालेवाडीतली पहिली लढत बेंगळुरूविरुद्ध ०-० सुटली, दुसरी पुण्याने १-३ अशी गमावली. आज कैथ मोहन बागानमध्ये देशातल्या सर्वांत यशस्वी गोलकीपरपैकी एक आहे. २०२२-२३ आणि २०२४-२५ असे दोनदा त्याने गोल्डन ग्लोव्ह मिळवला.

अरिंदम बंगालचा. तो एफसी पुणे सिटीच्या सुरुवातीच्या संघात होता. पुढे २०१९-२० ची ट्रॉफी आणि २०२०-२१ चा गोल्डन ग्लोव्ह त्याच्या नावावर लागला.

लक्षात घ्या, यांच्यापैकी एकही जण पुणेकर नाही. पुण्याने त्यांना मैदान आणि पगार दिला, काहींना सामनेही. फळ आले तेव्हा झाड दुसऱ्याच्या अंगणात होते.

पुण्यातले क्लब गेले कुठे?

अशोक पिरामल ग्रुपने २००७ मध्ये पुणे एफसी सुरू केला. २०१२-१३ मध्ये हा क्लब आय-लीगचा उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये बंद पडला. कल्याणी ग्रुपचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच मोसम खेळला. डीएसके शिवाजीयन्सने लिव्हरपूलशी करार करून अकादमी काढली, पण आय-लीगमध्ये हा क्लब दोनच मोसम टिकला. २०१४ मध्ये आलेल्या एफसी पुणे सिटीने २०१९ मध्ये गाशा गुंडाळला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली.

याच हैदराबादने २०२१-२२ ची आयएसएल जिंकली. फायनल पेनल्टी शूटआऊटवर गेली आणि तिथे हिरो ठरला गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमणी. अर्थात तोही गोलकीपरच.

क्लब बंद पडला की गोलकीपरलाच जास्त फटका का?

गणित सोपे आहे. संघात बचावपटू चार, मधल्या फळीत तीन-चार, पण गोलकीपर एकच. राखीव स्ट्रायकरला शेवटची वीस मिनिटे तरी मिळतात. राखीव गोलकीपर मात्र महिनोन्‌महिने बाकावर बसतो. इंजिनीअरिंगच्या भाषेत गोलकीपर म्हणजे ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ : तो चुकला की मागे कुणी नाही. त्यामुळे कोणताही कोच नवख्या मुलाला तिथे उभे करायला कचरतो.

दुसरी गोष्ट वयाची. कधी पुढे यायचे, कधी लाइनवर थांबायचे, बचावफळीला कुठे उभे करायचे, हे सामने खेळूनच कळते. म्हणून विंगर ज्या वयात उतरणीला लागतो, त्या वयात गोलकीपर परिपक्व होतो. इतका वेळ द्यायचा तर क्लबही तितका टिकायला हवा. पाच वर्षे जगणाऱ्या क्लबला तयार गोलकीपर विकत घेणेच परवडते. एफसी पुणे सिटीने पहिल्या तीन मोसमांत तेच केले. इटलीचा एमानुएले बेलार्डी, इंग्लंडचा स्टीव्ह सिमन्सन आणि आर्मेनियाकडून खेळलेला, पूर्वी पॅरिस सेंट-जर्मेनमध्ये असलेला अपुला एडेल असे दर वर्षी नवे परदेशी नाव आले. २०१७ मध्ये मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची मर्यादा सहावरून पाच झाली. कैथसारख्या भारतीय गोलकीपरसाठी जागा मोकळी झाली ती त्यानंतर.

रशियाचे उदाहरण काय सांगते?

गोलकीपरचा विषय निघाला की रशियाचे नाव येतेच. पुरुषांचा ‘बॅलन डी’ओर’ आजवर एकाच गोलकीपरला मिळाला, तो १९६३ मध्ये लेव्ह याशिनला. पण हाच याशिन सुरुवातीला डायनॅमो मॉस्कोत अलेक्सेई खोमिचच्या मागे वर्षानुवर्षे थांबला होता. त्या काळात तो क्लबच्या आइस हॉकी संघातही खेळला आणि १९५३ मध्ये त्याने हॉकीतला सोव्हिएत कप जिंकला. क्लबने त्याला सोडले नाही आणि १९७० मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यानेही क्लब सोडला नाही.

अलीकडचे उदाहरण इगोर ॲकिनफीवचे. तो २००३ पासून सीएसकेए मॉस्कोच्या सीनियर संघात आहे. दोनदा त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. चॅम्पियन्स लीगमध्ये २००६ ते २०१७ या काळात सलग ४३ सामन्यांत त्याला ‘क्लीन शीट’ मिळाली नाही, म्हणजे प्रत्येक सामन्यात किमान एक गोल झालाच. २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध साधा चेंडू त्याच्या हातातून निसटला. आपल्याकडे एवढ्यात नाव पुसले गेले असते. त्याच ॲकिनफीवने २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये स्पेनविरुद्धच्या शूटआऊटमध्ये दोन पेनल्टी अडवल्या, त्यातली शेवटची चक्क पायाने.

गोव्यातले उदाहरण वेगळे नाही. ब्रह्मानंद शंखवाळकर दीड दशकाच्या आसपास साळगावकर क्लबच्या गोलमध्ये उभे राहिले. १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी गोव्याने एकही गोल न खाता जिंकली, तेव्हा गोलकीपर तेच होते. ते भारताचे कर्णधार झाले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे होऊ शकले, कारण क्लब जागेवर होता.

मग पुण्याने काय करायचे?

क्लब तोट्यात असेल तर मालकाने पैसे का जाळायचे, हा प्रश्न रास्त आहे. कुणी जाळावेत असे माझे म्हणणे नाही. पण चार क्लब आले आणि गेले, त्यातून एक धडा घ्यायलाच हवा. नव्या फ्रँचायझीची वाट पाहणे ही योजना होऊ शकत नाही.

पुण्यात फुटबॉल नाही असेही नाही. कॅम्प, खडकी, दापोडीत तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग आहे. सीएसकेए मुळात लष्कराचा क्लब. पुण्यालाही खडकीच्या बीईजीसारखे लष्करी संघ नवे नाहीत. कुठल्याही उद्योगसमूहाचा मूड गेला तरी हे सगळे राहणार आहे. गुंतवणूक इथे हवी.

सुरुवात छोटी चालेल. गोलकीपिंगचा वेगळा कोच प्रत्येक क्लबला परवडणार नाही. पण संघटनेने दोन-तीन कोच नेमून ते सगळ्या क्लबना वाटून दिले, तर खर्च फार नाही. वरच्या डिव्हिजनमध्ये ठरावीक सामन्यांत २१ वर्षांखालचा गोलकीपर खेळवण्याची सक्ती करता येईल. उद्या एखादा मोठा क्लब इथल्या मुलाला घेऊन गेला, तर त्याला घडवणाऱ्या क्लबला मिळणारी प्रशिक्षण भरपाई खरोखर हातात पडते का, याचा संघटनेने पाठपुरावा करावा. फिफाच्या नियमांत तशी तरतूद आहेच.

गल्लीत ‘गोली’ कोण होणार यावर आजही भांडण होते आणि शेवटी जो सगळ्यांत लहान किंवा जाड, त्याला दगडांच्या दोन पोस्टमध्ये उभे केले जाते. त्या मुलाला तिथे उभे राहणे आवडायला लागले, तर आज पुण्यात त्याची पुढची पायरी कोणती? पुढच्या क्लबच्या लाँचला जर्सीचा रंग विचारण्याआधी पत्रकारांनी आणि चाहत्यांनी हा प्रश्न विचारायला हवा.