आधी लिहा, मग अल्बम उघडा

आमच्या शहरातल्या गुलमंडी, राजाबाजार, औरंगपुरा या भागांतला एखादा जुना वाडा बिल्डरला द्यायचा ठरला की घरातले सगळे एकदा जमतात आणि दारासमोर उभे राहून फोटो काढतात. तोंडे कॅमेऱ्याकडे, पाठ घराकडे. त्या फोटोत माणसे येतात, घर येत नाही.

आपल्या बहुतेक अल्बमांचे असेच आहे. मुंज, बारसे, लग्न, दारातली नवी स्कूटर. न्हाणी, माजघरातला अंधारा कोपरा, जिन्याखालची गोवऱ्यांची जागा यांचे फोटो कुणी काढलेच नाहीत, कारण रोल सणावारासाठी राखलेला असे. इथून जवळच्या वेरूळ लेण्यांची छायाचित्रे रॉबर्ट गिलने 1860च्या दशकात काढली, पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीही काढली. राहत्या घराची नोंद मात्र ज्याची त्यानेच करायची.

म्हणून माझा आग्रह आहे की बालपणीच्या घराविषयी लिहायला बसाल तेव्हा अल्बम कपाटातच राहू द्या. फोटो समोर असला की आठवण त्याच्यापुढे मान तुकवते. दिसते तेवढेच लिहिले जाते आणि वास, आवाज, भीती राहून जाते. मी अल्बम न उघडता लिहिले तेव्हा पानभर मजकूर आडाविषयी आला. रहाटाची करकर, वैशाखात तळाला गेलेले पाणी, वाकून पाहिले म्हणून खाल्लेली चापटी. मग फोटो काढून बघितले. आड एकाही फोटोत नाही. आडाचा ओटा ही अंगणातली उंच जागा, त्यामुळे फोटो काढणारा नेहमी त्यावरच उभा!

मुंजीच्या फोटोने मात्र मला लिहिताना न आठवलेले माणूस दाखवले. दाराआड, आलवण नेसलेली आईची आत्या अर्धीच दिसते. त्या दिवशी तिला पुढे येऊ दिले नव्हते. हे फोटो सांगत नाही, ते मलाच लिहावे लागले. रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने छायाचित्रणावरच्या 1980च्या पुस्तकात आईच्या लहानपणच्या फोटोवर पाने लिहिली, पण तो फोटो छापला नाही. परक्याला त्यात काहीच दिसणार नाही, असे त्याला वाटले. मी आत्याचा फोटो आणि मजकूर समोरासमोरच्या पानांवर ठेवला आहे. एकावाचून दुसरे अपुरे आहे.

जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयात ज्यांची गावे गेली, त्यांतल्या अनेकांकडे अल्बमही नाहीत. जायकवाडीची पायाभरणी 1965 सालची, धरण पुरे झाले 1976मध्ये. शंभराहून अधिक गावांना पाण्याची झळ बसली. त्या घरांत लहानपण गेलेली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काही ठिकाणी जुनी बांधकामे उघडी पडतात. तेव्हा नातवाने मोबाइल घेऊन आजोबांबरोबर जावे. उंबरा कुठे होता, चूल कुठे, गोठा कुठे, हे त्यांनी चालत चालत सांगावे, नातवाने त्यांच्याच शब्दांत उतरवावे. हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही, तिला सांगणारे कुणी उरणार नाही.

फोटो मोबाइलमध्येच ठेवू नका, छापून घ्या. मागे मऊ पेन्सिलीने लिहा: कोणती खोली, तोंड कुठल्या दिशेला, कोण उभे आहे, कोण चौकटीबाहेर राहिले. बॉलपेन दाबून लिहिले की पुढून वळ उठतात. चिकट पानांचे जुने अल्बम असतील तर त्यांतले फोटो आधी सोडवून घ्या, त्यांचा गोंद फोटो खातो.