माथेरानचें एक छायाचित्र

सन २०२५ च्या मार्गशीर्षांत आमचा धाकटा नातू चार दिवस कर्जतास आला, तो गळ्यांत कॅमेरा अडकवूनच. कोणत्याशा स्पर्धेस ‘जुन्या काळचें गांव’ ह्या विषयावर एक छायाचित्र धाडावयाचें होतें. “आजोबा, इथं जवळ असं गांव कुठलं?” म्हणून त्यानें विचारलें. कर्जत तालुक्यांत राहणारानें ह्यास दुसरें उत्तर काय द्यावें? दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या गाडीनें नेरळ गांठलें आणि टॅक्सीनें दस्तुरी नाक्यावर जाऊन उतरलों. मोटारीचें राज्य तेथें संपतें. पुढें तेव्हां घोडा, हातरिक्षा, रुळांवरची लहान गाडी, नाहीं तर आपले पाय.

इ. स. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांचा तळ खालापुराकडील चौक गांवीं होता. तेथून ओढ्याच्या पात्रानें चढून ते वन ट्री हिलपाशीं वर आले व रामबागेकडून उतरले, तेव्हांपासून ह्या डोंगराचा ‘शोध’ लागला असें म्हणतात. ठाकूर, धनगर व कातकरी तत्पूर्वीं तेथें फिरतच होते. पण शोध लागतो तो साहेबास! १९०७ सालीं पीरभाय कुटुंबाच्या खटपटीनें दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी वर आली, आणि खासगी मोटारीस मात्र गांवांत मज्जावच राहिला.

अमेरिकेंत विल्यम्सबर्ग नांवाचें एक गांव आहे. १९२६ पासून रॉकफेलर ह्यांच्या द्रव्यानें तें अठराव्या शतकाच्या स्वरूपांत पुनः उभें करण्यांत आलें. तेथें पगारी माणसें त्या काळचे पोषाख घालून लोहारकाम, छपाई वगैरे करून दाखवितात, आणि संध्याकाळीं पोषाख उतरवून घरीं जातात. माथेरानांत असा पोषाख कोणी चढविलेला नाहीं. तेथील जुनेपण हें लोकांच्या पोटाचें साधन आहे.

हें सर्व आम्ही नातवास वाटेनें सांगत होतों खरें, पण आमचें लक्ष चित्राच्या मांडणीकडेच अधिक होतें. वात्स्यायनाच्या सूत्रांवरील यशोधराच्या टीकेंत चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत. तीं वर्गांत सांगण्याची आम्हांस जन्माची खोड. प्रमाण कशास म्हणावें, भाव कोठें असतो, हें तेथें प्रत्यक्ष दाखवितां येत होतें. एका बाजूस जांभळीचें काळें खोड धरावें, तांबड्या मातीची वाट खालच्या कोपऱ्यांतून आंत शिरावी व वळून दिसेनाशी व्हावी. सूर्य समोरून, झाडांच्या आडून आला तरच धूळ उजळते. पाठीमागून आला तर ती नुसती माती! विजेची तार नको होती, ती दोन पावलें डावीकडे सरतांच फांदीआड गेली. बाटल्यांचें दुकान नको होतें, तें नातवानें गुडघे टेकतांच चढाआड बुडालें. राहतां राहिल्या २०२२ च्या अखेरीस तेथें प्रथम आलेल्या ई-रिक्षा. त्या जाईपर्यंत थांबणें एवढाच उपाय होता.

आठच्या सुमारास एक हातरिक्षा चढ चढत आली. एक जण पुढून ओढीत होता, दुसरा मागून ढकलीत होता, आंत एक स्थूल बाई. पुढचा मनुष्य इतका वांकला होता कीं त्याचें डोकें दांडीच्या खालीं गेलें होतें. भोंवतीं उजळलेली धूळ. नातवानें बरोबर क्षण साधला आणि आम्ही “वाहवा!” म्हणून ओरडलों.

अर्ध्या तासानें तोच मनुष्य रिकामी रिक्षा घेऊन परतला व आमच्यापाशीं थांबला. “बाबा, फोटो आमचा घेतलात ना? घ्या हो, पण असा वांकलेला नको. मुलगी खालीं कॉलेजांत जाते.”

“तोंड दिसतच नाही यांत,” नातू हळूच म्हणाला. क्षणभर आमचेंही मन त्याच्याच बाजूचें होतें, हें कबूल केलें पाहिजे. चित्र फारच चांगलें साधलें होतें. पण तीन वर्षांपूर्वीं गुडघा दुखावला असतां आम्हीही अशाच रिक्षेंत बसून बाजारापर्यंत गेलों होतों. त्या ओढणाराचें तोंड आम्हांस आठवेना. बसणारास दिसते ती पाठच. नातवास तें चित्र पुसावयास सांगितलें. त्यानें पुसलें, पण मग बराच वेळ आमच्याशीं बोलला नाहीं.

माणसानें माणसास ओढण्याची ही रीत सहा महिन्यांत बंद करावी व ह्या लोकांचें ई-रिक्षांवर पुनर्वसन करावें, असा निर्णय सरन्यायाधीश गवई ह्यांच्या पीठानें ६ ऑगस्ट २०२५ रोजीं दिला होता. त्याविषयीं विचारतां तो म्हणाला, “ही जाऊं दे कीं. छातींत भरून येतं चढाला. पण ती हातांत पडल्यावर जाऊं दे. मधले महिने खायचं काय?”

मग त्यानें दांडी खालीं टेकली, सदरा झटकला, वरचें बटण लावलें व जोडीदारास हांक मारली. दोघे ताठ उभे राहिले. नातू संवयीनें डावीकडे सरूं लागला, कारण मागें एक ई-रिक्षा येऊन थांबली होती. “तीपण येऊं द्या, बाबा,” तो आम्हांस म्हणाला, “तीच मिळायची आहे.”

स्पर्धेस तेंच चित्र गेलें. बक्षीस अर्थातच मिळालें नाहीं. दोन प्रती दस्तुरी नाक्यावरील चहावाल्याच्या हातीं त्यांस पोंचत्या केल्या, तिसरी आमच्या कपाटावर आहे. दोघांच्या डोक्यांवरून तार सरळ आडवी गेली आहे, ऊन तोंडावर आल्यामुळें जोडीदाराचे डोळे मिटलेले आहेत, आणि आमच्या जांभळीचें खोड चौकटीच्या बाहेरच राहिलें आहे.